हर्ली, पार्नेल आणि रविवारचं मैदान: आयर्लंडच्या गेलिक खेळांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा मुलगा आयर्लंडमधल्या आमच्या गावच्या क्लबात हर्लिंग खेळतो. हातात वाकडी फळी, डोक्यावर जाळीचं शिरस्त्राण असा त्याचा फोटो घरच्यांना पाठवला की लगेच विचारणा सुरू होते: हे हॉकी आहे का? क्रिकेट का नाही? त्या मैदानाला पाद्र्याचं नाव कसं? मग कुणीतरी टिळक आणि होमरूलपर्यंत येऊन पोचतं. गेल्या काही वर्षांत नातेवाइकांनी, इथे नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांनी आणि वाचकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर आहे तो व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या शेवटच्या पंचवीसेक वर्षांवर. आज शनिवार-रविवारी मैदानावर जे दिसतं, त्याचं मूळ तिथेच आहे.

१. जीएए म्हणजे नक्की काय? सरकारी खातं आहे का?

नाही. जीएए म्हणजे गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) थर्ल्स या बाजाराच्या गावी, हेज यांच्या हॉटेलात तिची स्थापना झाली. हर्लिंग, गेलिक फुटबॉल, हँडबॉल आणि राउंडर्स हे खेळ तिच्याकडे आहेत. सुरुवातीला धावणं, उड्या, गोळाफेक अशा मैदानी शर्यतीही तिच्याकडेच होत्या. खरं तर संस्था मुख्यतः त्यांच्यासाठीच निघाली होती, नावातला ‘अ‍ॅथलेटिक’ हा शब्द तिथूनच आला.

खेळाडूंना पगार नाही. ऐंशी हजारांच्या गर्दीसमोर अंतिम सामना खेळलेला मुलगा सोमवारी शाळेत शिकवायला किंवा गोठ्यात गाईंची धार काढायला हजर असतो. पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली गावं, हा क्लबचा पाया. क्लबांच्या वर काउंटी. आपण जिथे राहतो त्याच क्लबाकडून खेळायचं, ही रीतही तेव्हापासूनची आहे.

२. हर्लिंग म्हणजे हॉकीच ना?

दिसायला लांबून तसं वाटतं, पण एक सामना पाहिला की हा प्रश्न कुणी पुन्हा विचारत नाही. हॉकीत चेंडू जमिनीलगत असतो. हर्लिंगमध्ये तो बहुतेक वेळ हवेत असतो, डोक्यावरून येणारा चेंडू हाताने झेलता येतो, फळीवर तोलत पळता येतं, आणि साठ-सत्तर मीटरवरून थेट गोलपोस्टांच्या वरून मारता येतो.

फळीला म्हणतात हर्ली, आयरिश भाषेत कमान (आपल्या ‘कमानी’शी संबंध नाही, पण आकार पाहून मला दर वेळी तोच शब्द आठवतो). ती अ‍ॅश नावाच्या झाडाची. बुंधा जिथे मुळांकडे वळतो, तिथलाच तुकडा घेतात, कारण तिथे लाकडाचे तंतूही वळलेले असतात. फळीचं टोक आणि तंतूंचं वळण एकाच दिशेने गेलं पाहिजे. नाही तर पहिल्याच टकरीला ती फाटते. आमच्या गावात हर्ली करणारे एक आजोबा आहेत. ते फळी हातात घेऊन आधी उजेडात तिरकी धरतात, तंतू कुठून कुठे गेलेत ते बोटाने चाचपतात आणि मगच मुलाच्या कमरेशी लावून उंची पाहतात. टोकाला पत्र्याची पट्टी ठोकतात, म्हणजे फाटायला लागली तरी तग धरते. दोन फळ्या एकमेकींवर आदळल्या की येणारा कोरडा, टणक आवाज मैदानाबाहेर रस्त्यापर्यंत ऐकू जातो.

चेंडूला स्लिटर म्हणतात. आज तो चामड्याचा, उठावदार शिवणीचा असतो. फार जुन्या काळी गुरांच्या केसांचा गोळा करून त्यावर घोड्याच्या केसांची वेणी विणत. असे चेंडू दलदलीतल्या पीटमध्ये टिकून राहिलेले सापडले आहेत.

३. पण १८८४ मध्येच का? त्याआधी आयर्लंडमध्ये खेळ नव्हते का?

खेळ भरपूर होते. हर्लिंग तर शेकडो वर्षांचं जुनं. ते विस्कटलं, आणि ते का विस्कटलं हे समजल्याशिवाय पुढचं काहीच उमगत नाही, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते.

१८४५ पासून बटाट्याचं पीक कुजलं आणि मोठा दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत बेटावर ८० लाखांहून जास्त लोक होते, १८९१ मध्ये ४७ लाख उरले. दुष्काळ संपल्यावरही बोटी भरभरून अमेरिकेला जात राहिल्या, आणि जाणारे बहुतेक तरुण असत. ज्या गावात एका बाजूला वीस पोरं उभी राहायची तिथे पाच उरली, तर खेळ चालणार कसा? बऱ्याच भागांत हर्लिंग बंद पडलं आणि थोड्याच ठिकाणी तग धरून राहिलं.

दुसरीकडे, शहरांतून आणि जमीनदारांच्या वाड्यांवरून नवे, नियमबद्ध खेळ पसरत होते: क्रिकेट, रग्बी, टेनिस, मैदानी शर्यती. शर्यतींच्या नियमांत ‘हौशी’ खेळाडूची जी व्याख्या होती, ती हाताने काम करून पोट भरणाऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी वापरली जात असे. कारागीर, मजूर, शेतगडी यांना दाराबाहेरच थांबावं लागे. शिवाय सामने शनिवारी. मजुराला सुट्टी एकच, रविवारची. शनिवारी दुपारी पांढरी विजार घालून मैदानावर येणं ज्यांना परवडत होतं त्यांचेच खेळ चालले, बाकीच्यांनी कुंपणाला टेकून बघत राहायचं.

जीएएने हे दोन्ही उलटवलं. सामने रविवारी, आणि कोणीही खेळावं. मला विचाराल तर संस्थेचा सगळ्यात मोठा निर्णय हाच. झेंडे, घोषणा, पुढारी हे सगळं नंतर आलं. आधी शेतमजुराला रविवारी दुपारी स्वतःचं मैदान मिळालं. प्रॉटेस्टंट मंडळींपैकी पुष्कळांना रविवारी खेळणं धर्माविरुद्ध वाटे, ती अडचण खरी होती आणि ती नंतरही राहिली.

४. मायकल क्युसॅक कोण? त्याने संस्था काढली, मग त्याच संस्थेने त्याला काढलं कसं?

क्युसॅक १८४७ चा, म्हणजे ऐन दुष्काळातला जन्म. क्लेअर काउंटीतल्या बरेन या खडकाळ मुलखातलं कॅरन हे त्याचं गाव. मातृभाषा आयरिश. पुढे मास्तर झाला, आणि १८७७ मध्ये डब्लिनला सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी करून घेणारी स्वतःची शाळा काढली. आपल्याकडे स्पर्धा परीक्षांचे क्लास असतात, साधारण तसंच.

तो स्वतः रग्बी खेळलेला, क्रिकेटचाही शौकीन, त्यामुळे त्याला इंग्रजी खेळ ठाऊक नव्हते असं कुणी म्हणू नये. डब्लिनच्या शर्यतींत गरीब पोरांना मिळणारी वागणूक त्याने जवळून पाहिली. ऑक्टोबर १८८४ मध्ये त्याने वर्तमानपत्रातून लेख लिहून आयरिश लोकांनी आपले खेळ आपल्या हाती घ्यावेत असं आवाहन केलं. टिपरेरीतल्या कॅरिक-ऑन-शुअरचा मॉरिस डॅव्हिन हा नावाजलेला अ‍ॅथलीट, हातोडा आणि वजनफेकीत सगळीकडे मान असलेला. त्याने आठवड्याभरात पाठिंब्याचं पत्र छापलं आणि बेत पक्का झाला. डॅव्हिन अध्यक्ष झाला, क्युसॅक चिटणीसांपैकी एक.

क्युसॅकच्याच शब्दांत संस्था गवताळ रानात वणवा पसरावा तशी देशभर पसरली. पण वणवा पेटवणारा माणूस हिशेबाच्या वह्या नीट ठेवतोच असं नाही. पत्रांना उत्तरं नाहीत, जमाखर्चाचा पत्ता नाही, आणि ज्याच्याशी पटलं नाही त्याला छापून झोडपायचं. जुलै १८८६ मध्ये थर्ल्सलाच बैठक होऊन त्याला चिटणीसपदावरून दूर केलं गेलं. ते अन्यायाचं नव्हतं असं मला वाटतं, पण वाईट मात्र वाटतं. १९०६ मध्ये तो गेला. आज क्रोक पार्क या जीएएच्या डब्लिनमधल्या मोठ्या स्टेडियमची एक पूर्ण बाजू त्याच्या नावाने ओळखली जाते, आणि शेजारचं एक टोक डॅव्हिनच्या.

५. थर्ल्सच्या पहिल्या बैठकीला किती माणसं होती? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

सात नावं सर्वमान्य आहेत: क्युसॅक, डॅव्हिन, जॉन वाइज पॉवर, जॉन मॅके, जे. के. ब्रॅकन, जोसेफ ओ’रायन आणि टॉमस सेंट जॉर्ज मॅकार्थी. आणखी काही जण खोलीत होते असं नंतर सांगितलं गेलं, त्यामुळे आकडे बदलतात. सभा मोठी नव्हती, एवढं नक्की.

या सातांतलं शेवटचं नाव लक्षात ठेवा. मॅकार्थी हा पोलीस अधिकारी होता, रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीचा जिल्हा इन्स्पेक्टर, आणि १८८२ मध्ये आयर्लंडकडून रग्बी खेळलेला. पुढे याच संस्थेने पोलिसांना आणि रग्बीवाल्यांना दार बंद केलं. ते कसं, हे प्रश्न ११ आणि १२ मध्ये.

६. एवढ्या मोठ्या स्टेडियमला क्रोक पार्क नाव का? हा क्रोक खेळाडू होता का?

टॉमस क्रोक हा कॅशेलचा आर्चबिशप, राहायला थर्ल्सलाच. स्थापनेनंतर तीन जणांना आश्रयदाते म्हणून विनंती झाली: क्रोक, आयरिश खासदारांचा पुढारी चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल आणि शेतकऱ्यांच्या चळवळीचा मायकल डेव्हिट. तिघांनीही होकार दिला.

डिसेंबर १८८४ मधलं क्रोकचं होकाराचं पत्र फार गाजलं. हर्लिंग, फुटबॉल, उड्या, कुस्ती, हँडबॉल अशा जुन्या खेळांची नावं घेत तो म्हणतो की हे आता धुळीने माखलेल्या रस्त्यांवर कुठे दिसतच नाहीत, आणि त्यांच्या जागी टेनिस, पोलो, क्रोके, क्रिकेट असले परके खेळ आले आहेत. खेळांवरून तो थेट कपडे, बोलणं, चालीरीती यांच्या अनुकरणावर येतो. आज वाचताना पत्र तिखट वाटतं. पण कित्येक वर्षं संस्थेच्या नियमपुस्तिकेत ते छापलं जात होतं.

मैदान मात्र क्रोकच्या हयातीत जीएएचं नव्हतं. डब्लिनच्या जोन्स रोडवरची ती जागा संस्थेने १९१३ मध्ये घेतली आणि त्याचं नाव दिलं. आज तिथे ८२ हजारांहून जास्त लोक बसतात.

७. होम रूल म्हणजे स्वातंत्र्यच ना? पार्नेलला नक्की काय हवं होतं?

पूर्ण स्वातंत्र्य नाही. तेव्हा आयर्लंडचे खासदार लंडनच्या पार्लमेंटात बसत. डब्लिनला स्वतःचं पार्लमेंट असावं आणि घरचा कारभार तिथून चालावा, साम्राज्याशी नातं राहावं, ही होम रूलची मागणी. पार्नेल स्वतः विकलोचा प्रॉटेस्टंट जमीनदार, पण बहुतांश कॅथलिक असलेल्या देशाने त्याला पुढारी मानलं. १८८५ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाचे ८६ खासदार निवडून आले. १८८६ चं विधेयक कॉमन्समध्येच ३० मतांनी पडलं. १८९३ चं तिथे मंजूर झालं, पण लॉर्ड्सनी ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळलं.

८. ‘बॉयकॉट’ हा शब्द आयर्लंडचा आहे, हे खरं का?

खरं, आणि ते एका माणसाचं आडनाव आहे. मेयो काउंटीत लॉक मास्क या तळ्याकाठी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा लॉर्ड अर्नचा जमिनीचा कारभारी होता. १८७९ मध्ये मेयोतूनच डेव्हिटने लँड लीग उभी केली होती: खंड कमी करा, कुळांना हुसकावू नका. सप्टेंबर १८८० मध्ये पार्नेलने एनिसच्या सभेत सांगितलं की हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला मारू नका, त्याच्याशी कुठलाच संबंध ठेवू नका.

बॉयकॉटच्या वाट्याला हेच आलं. गडी निघून गेले, दुकानदार माल देईना, पीक शेतात उभं राहिलं. शेवटी उत्तरेतून पन्नास जण पीक काढायला आणले आणि त्यांच्या रक्षणाला हजारभर सैनिक व पोलीस लागले. पिकाच्या किमतीच्या कित्येक पट खर्च झाला. वर्ष संपायच्या आत हे आडनाव क्रियापद झालं होतं. १९०५ च्या वंगभंगानंतर आपल्याकडे स्वदेशीबरोबर हाच शब्द आला, आणि मराठीत ‘बहिष्कार’ हा जुनाच शब्द नव्या अर्थाने वापरात आला.

याचा खेळाशी काय संबंध? फार जवळचा. लँड लीगच्या सभांनी गावकऱ्यांना समिती नेमणं, वर्गणी गोळा करणं, ठराव करणं शिकवलं होतं. चार वर्षांनी क्लब काढायची वेळ आली तेव्हा ती माणसं तयार होती.

९. पहिली ऑल-आयर्लंड स्पर्धा १८८७ ची. मग तिचा अंतिम सामना १८८८ मध्ये कसा?

स्पर्धा १८८७ ची, पण संस्थेतल्या भांडणांनी (प्रश्न १२) सगळं लांबलं. हर्लिंगचा अंतिम सामना १ एप्रिल १८८८ ला, ईस्टरच्या रविवारी, बर या गावी झाला. गावाचं तेव्हाचं सरकारी नाव पार्सन्सटाउन. टिपरेरीकडून थर्ल्सचा क्लब, गॉलवेकडून मीलिकचा. काउंटीचा निवडक संघ ही कल्पनाच नव्हती, जो क्लब काउंटीत जिंकेल तोच काउंटीचं नाव घेऊन उतरायचा. एका बाजूला २१ खेळाडू. आज १५ असतात. थर्ल्सवाले जिंकले. पुढे त्याच महिन्यात फुटबॉलमध्ये लिमरिकच्या कमर्शियल्स क्लबने लाउथच्या डंडॉकला हरवलं.

१०. गुणफलक वाचताच येत नाही. १-१ म्हणजे काय?

डावीकडचा आकडा गोल, उजवीकडचा पॉइंट. हर्लिंगमध्ये चेंडू आडव्या दांड्याखाली जाळ्यात गेला तर गोल, वरून गेला तर पॉइंट. आज एक गोल म्हणजे तीन पॉइंट. म्हणजे १-१२ हे १५, आणि ०-१६ वाल्यांनी सामना जिंकला.

जुने निकाल वाचताना मात्र सावध राहा. सुरुवातीला कितीही पॉइंट मिळून एक गोल होत नसे. गोल सारखे असतील तरच पॉइंट मोजायचे. १८९२ मध्ये गोलची किंमत पाच पॉइंट ठरली, १८९६ मध्ये ती तीनवर आली. त्यामुळे १८८८ च्या हर्लिंग अंतिम सामन्याचा १-१ विरुद्ध ०-० हा निकाल आजच्या हिशेबाने चार गुण असं लिहिणं चुकीचं ठरेल.

आणि ऑल-आयर्लंड विजेत्यांच्या यादीत १८८८ च्या स्पर्धेचा विजेताच नाही, छपाईची चूक आहे का, असंही विचारतात. चूक नाही. त्या वर्षी पन्नासेक खेळाडू अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. तिथल्या आयरिश लोकांकडून पैसे उभारायचे आणि प्राचीन खेळांचा मोठा उत्सव भरवायचा, हा बेत. पाच हजार पौंडांचं स्वप्न होतं. हवामान खराब, अमेरिकेतल्या क्रीडासंस्थांमध्ये आपसात भांडण, निवडणुकीचा मोसम. दौरा कर्जात गेला आणि परतीच्या खर्चासाठी डेव्हिटला पदरचे पैसे द्यावे लागले. बरेच खेळाडू तर परतलेच नाहीत, तिथेच राहिले. इकडे स्पर्धा अर्धवट राहिली.

११. क्रिकेट किंवा सॉकर खेळलं तर जीएएतून काढून टाकायचे, हे खरं का?

बराच काळ खरं होतं, पण ‘पहिल्या दिवसापासून’ आणि ‘सतत’ हे दोन्ही खरं नाही. सुरुवातीला वाद होता तो शर्यतींच्या नियमांवरून, प्रतिस्पर्धी संस्थेच्या नियमांखाली धावायचं की नाही यावर. नंतर रग्बी-सॉकर खेळणाऱ्यांना मनाई आली, १८९६ मध्ये ती उठली, आणि नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत पक्की होऊन परत आली. ती १९७१ पर्यंत टिकली.

क्रिकेटबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण मराठी माणसाला ती जवळची वाटेल. तेव्हा किलकेनी, टिपरेरी या आज हर्लिंगच्या बालेकिल्ल्यांत गावोगाव क्रिकेटचे संघ होते, आणि त्यांत शेतकऱ्यांची पोरंही खेळत. खुद्द पार्नेल क्रिकेटवेडा होता, विकलोच्या संघाचा कप्तान राहिलेला. म्हणजे जीएएच्या आश्रयदात्यांपैकी एकाचा आवडता खेळ दुसऱ्या आश्रयदात्याच्या पत्रात परका म्हणून मोडीत निघाला होता. ‘आयरिश माणसाला क्रिकेट आवडलंच नाही’ असं जे सहज म्हटलं जातं, ते इतिहासाला धरून नाही.

या मनाईचा सगळ्यात दुखरा प्रसंग मात्र पुढचा आहे. डग्लस हाइड (प्रश्न १४) देशाचे राष्ट्राध्यक्ष असताना १९३८ मध्ये एका सॉकर सामन्याला पाहुणे म्हणून गेले. तेवढ्यावरून जीएएने त्यांना आश्रयदातेपदावरून काढलं. ज्या माणसाने आयुष्य आयरिश भाषेला वाहिलं, त्याच्याशी असं वागायला नको होतं.

१२. पोलिसांवरही बंदी होती ना? संस्थापकांतच पोलीस होता म्हणता!

होता (प्रश्न ५). पण तेव्हाची आयरिश पोलीस संघटना बंदूकधारी होती, डब्लिन कॅसलमधल्या ब्रिटिश सरकारला थेट बांधलेली, आणि कुळांना घराबाहेर काढताना दारात उभी राहणारी. दुसऱ्या बाजूला आयरिश रिपब्लिकन ब्रदरहूड ही गुप्त क्रांतिकारी संघटना संस्थेत शिरली होती. नोव्हेंबर १८८७ मध्ये थर्ल्सच्या अधिवेशनात तिच्या माणसांनी कार्यकारिणी ताब्यात घेतली आणि डॅव्हिनला पाडलं. क्रोकने जाहीर विरोध केला, आणि जानेवारी १८८८ मध्ये पुन्हा अधिवेशन भरवून डॅव्हिनला परत आणावं लागलं. पोलिसांचे हेर क्लबांवर पाळत ठेवून काउंटीवार अहवाल लिहीत. त्यामुळे आज आपल्याला त्या क्लबांची पुष्कळशी माहिती सरकारी कागदांतूनच मिळते.

अशा वातावरणात पोलिसांना मनाई झाली. १८९३ मध्ये ती उठली, मग नव्या शतकात परत आली. उत्तर आयर्लंडच्या पोलिसांना आणि ब्रिटिश सैनिकांना लागू असलेला हा नियम २००१ मध्ये रद्द झाला.

१३. पार्नेलच्या अंत्ययात्रेत लोक हर्ली घेऊन का चालले होते?

१८९० च्या शेवटी पार्नेल कोसळला. कॅथरिन ओ’शे या विवाहित स्त्रीशी त्याचं अनेक वर्षांचं नातं होतं, तिच्या नवऱ्याने केलेल्या घटस्फोटाच्या खटल्यात ते उघड झालं. ब्रिटनमधल्या लिबरल मित्रांनी साथ सोडली, बिशप विरोधात गेले, डिसेंबरात पक्ष दुभंगला. घराघरांत भांडणं झाली. जीएएच्या पुढाऱ्यांनी पार्नेलची बाजू धरली, आणि गावचा पाद्री ज्या क्लबाचा आधार होता तो क्लब अर्थातच गळाठला.

६ ऑक्टोबर १८९१ ला ब्रायटनजवळ होवमध्ये तो गेला, वय अवघं ४५. ११ तारखेला डब्लिनमध्ये पावसात अंत्ययात्रा निघाली. जीएएचे सुमारे दोन हजार जण शिस्तीत रांगा करून चालत होते, हातात काळं फडकं बांधलेल्या हर्ली. सैनिक शोकप्रसंगी बंदुका उलट्या धरतात, तशा त्यांनी त्या उलट्या धरल्या होत्या. ज्यांच्या हातात बंदूक असण्याची परवानगी नव्हती, त्यांनी खेळायची फळी तशी धरली. सात वर्षांपूर्वी हॉटेलच्या खोलीत निघालेली खेळाची संस्था देशासाठी काय झाली होती, हे मला या एका दृश्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याच ठरावातून कळत नाही.

पुढची तीन-चार वर्षं वाईट गेली. क्लब मोडले, वार्षिक अधिवेशनाला मोजक्याच काउंट्यांचे प्रतिनिधी येत. शतक संपता संपता संस्था सावरली.

१४. गेलिक लीग म्हणजे जीएएची स्पर्धा का?

नाही, नावामुळे घोटाळा होतो. गेलिक लीग ही आयरिश भाषेची संस्था, स्थापना ३१ जुलै १८९३, डब्लिन. डग्लस हाइड अध्यक्ष, ओन मॅकनील तिच्यामागची कामसू व्यक्ती. १८९१ च्या जनगणनेत आयरिश बोलणारे सुमारे ६ लाख ८० हजारच उरले होते, सात माणसांत जेमतेम एक. हाइड रॉसकॉमनच्या प्रॉटेस्टंट पाद्र्याचा मुलगा, भाषा शिकला ती शेजारच्या गड्यामाणसांकडून. नोव्हेंबर १८९२ मधल्या गाजलेल्या व्याख्यानात त्याने जीएएचं तोंडभरून कौतुक केलं होतं.

लीगने रात्रीचे वर्ग काढले, फिरते शिक्षक सायकलवरून गावोगाव पाठवले. ‘केली’ नावाचे नाच-गाण्याचे सार्वजनिक मेळावे सुरू झाले, पहिला १८९७ मध्ये, आणि तोही लंडनमध्ये! याच वर्षांत नाटकाचीही चळवळ उभी राहिली: डब्ल्यू. बी. येट्स, लेडी ग्रेगरी आणि एडवर्ड मार्टिन यांच्या आयरिश लिटररी थिएटरचा पहिला प्रयोग मे १८९९ मध्ये डब्लिनला झाला. संस्था वेगळ्या, पण माणसं बरीचशी तीच. शनिवारी भाषेचा वर्ग, रविवारी मैदान.

१५. यात बायका कुठे होत्या?

जीएएच्या मैदानावर नव्हत्या, हे स्पष्टच सांगायला हवं. स्त्रियांचं हर्लिंग म्हणजे कॅमोगी, ते आलं १९०४ मध्ये, आणि गेलिक लीगमधल्या स्त्रियांनी आणलं. भाषेच्या वर्गांत पुरुष-स्त्रिया एकत्र बसत, तिथूनच ती सुरुवात झाली.

त्याआधी टेनिस होतं. डब्लिनच्या फिट्झविल्यम क्लबने १८७९ मध्ये सुरू केलेल्या आयरिश स्पर्धेत पहिल्याच वर्षी स्त्रियांची एकेरी होती, तेव्हा विम्बल्डनमध्ये ती नव्हती. १८९० मध्ये लीना राइस विम्बल्डन जिंकली, आणि ती टिपरेरीची. ज्या काउंटीत जीएए जन्मली तिथलीच.

राजकारणात पार्नेलची बहीण अ‍ॅना हिने १८८१ मध्ये पुरुष पुढारी तुरुंगात असताना लेडीज लँड लीगच्या जोरावर चळवळ चालवली. सुटून आल्यावर भावानेच तिची संघटना बंद करायला लावली. तिने त्याला कधीच माफ केलं नाही.

१६. टिळकांनी होमरूल आयर्लंडकडून घेतलं, मग गणेशोत्सवही गेलिक लीग पाहून सुरू केला का? दोन्ही १८९३!

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. नाव आणि कल्पना यांचं नातं खरं आहे. टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग काढली. ‘होमरूल’ हा शब्द तोवर आयर्लंडच्या लढ्यामुळे साऱ्या साम्राज्यात ओळखीचा झाला होता. योगायोग असा की त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला आणि आयर्लंड होम रूलच्या पुढे निघून गेलं.

गणेशोत्सवाचं मात्र तसं नाही. गेलिक लीग जुलैअखेर सुरू झाली तेव्हा ती मूठभर माणसांची खोलीतली बैठक होती. काही आठवड्यांत ती पुण्यात पोचून तिच्यावरून काही उभं राहिलं असं मानायला जागाच नाही. सालं जुळली म्हणून नातं जोडू नये.

खरे दुवे हवेत तर हे घ्या. डब्लिनचे मुद्रक आणि पार्नेलच्या पक्षाचे खासदार राहिलेले आल्फ्रेड वेब १८९४ मध्ये काँग्रेसच्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष होते. आणि भगिनी निवेदिता, म्हणजे मार्गारेट नोबल, जन्माने टिरोन काउंटीतल्या डंगॅननच्या.

१७. आयर्लंडला येतोय. या काळाचं काय बघता येईल?

क्रोक पार्कमध्ये जीएएचं संग्रहालय आहे, मुलांना तिथे हर्ली हातात धरून मारून बघता येते. थर्ल्सला लिबर्टी स्क्वेअरमध्ये हेजच्या हॉटेलाची इमारत आहे, चौकातच. क्लेअरमध्ये कॅरनला क्युसॅकच्या घराभोवती स्मारक केलं आहे. रस्ता अरुंद आणि सगळीकडे राखाडी दगड, पण जाच.

डब्लिनमध्ये एकच सकाळ असेल तर ग्लासनेविनच्या दफनभूमीत जा. पार्नेलच्या थडग्यावर नक्षी नाही, पुतळा नाही, विकलोहून आणलेला एक ओबडधोबड ग्रॅनाइटचा धोंडा आणि त्यावर फक्त आडनाव. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आलात तर तिथे आयव्हीची हिरवी पानं ठेवलेली दिसतील. अंत्ययात्रेला आलेल्यांनी भिंतीवरची आयव्ही तोडून कोटाला लावली होती, तेव्हापासून ती त्याच्या आठवणीची खूण आहे.